लेकीला फिट येते, पुतण्यालाही येते. मग नियम दोन का?

सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

"माझी मुलगी २४ वर्षांची आहे. फार्मसीची पदवी घेऊन नोकरी करते. बारावीच्या वर्षी रात्रभर अभ्यास करून पहाटे उठली आणि बेसिनपाशीच तिला पहिली फिट आली. तेव्हापासून व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या चालू आहेत. गेल्या तीन वर्षांत मोठी फिट आलेली नाही. पण सकाळी उठल्यावर कधी कधी हाताला झटका बसतो, हातातला कप उडतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत हे जास्त होतं, असं ती म्हणते.

माझ्या दिरांचा मुलगा २८ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला. वर्षभराने त्यालाही त्रास सुरू झाला. बोलता बोलता एकटक बघत राहतो, ओठ चाटतो, शर्टाची बटणं चाचपत बसतो, नंतर त्याला काही आठवत नाही. दोनदा खाली पडून मोठी फिटही आली. घरात सगळे म्हणतात, त्याचं अपघाताने झालंय, होईल बरं. त्याचं लग्न ठरलं, मुलीकडच्यांना काही सांगितलेलं नाही. गाडीही चालवतो.

माझ्या लेकीचं मात्र 'रक्तातलं'. माझ्या मावशीला फेफरं यायचं, म्हणून सासूबाईंच्या मते हे माझ्या माहेरचं. आता तिला चांगलं स्थळ आलंय, पुढच्या महिन्यात बैठक आहे. जाऊबाई म्हणतात, आत्तापासूनच गोळ्या बंद करा, सासरी दिसल्या तर नसते प्रश्न येतील. आणि लग्न झालं की बायकांच्या फिट्स आपोआप जातात. बाईचा हा आजार पुरुषापेक्षा वेगळा असतो का? तो माझ्याकडून तिला गेला का? गोळ्या बंद करू का? आणि मुलाकडच्यांना सांगावं की नाही?"

ताई, आधी तातडीचं सांगते. गोळी बंद करू नका, एक दिवसही नाही. वर्षानुवर्षं चालू असलेली फिटची गोळी अचानक सोडली की थांबलेल्या फिट्स परत येतात. कधी कधी त्या एकीमागून एक अशा येतात की मध्ये शुद्धच येत नाही. मग अतिदक्षता विभाग गाठावा लागतो, जिवावर बेतू शकतं. गोळी बदलणं, कमी करणं, थांबवणं हे सगळं मेंदूविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने आणि हळूहळू करायचं असतं. तुमच्या लेकीच्या गोळीबद्दल विचार करायला हवा, हे खरंच आहे. पण त्याचं कारण जाऊबाई सांगतात ते नाही. त्याकडे येतेच.

लग्नाने फिट जाते, हे मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. लग्नाचा आणि मेंदूतल्या विजेचा काही संबंध नाही. असलाच तर उलटा आहे, कारण लग्नघरातल्या जागरणात आणि चुकलेल्या गोळ्यांमध्ये फिट येण्याची शक्यता वाढते.

आता तुम्ही मनाला लावून घेतलेला प्रश्न. हे माझ्याकडून गेलं का?

आपल्या मेंदूत काही हजार कोटी चेतापेशी असतात. त्या एकमेकींशी अगदी सूक्ष्म विजेच्या आणि रसायनांच्या आधाराने बोलतात. ग्लुटामेट हे रसायन पेशीला चेतवतं, गाबा हे तिला आवरतं. या दोघांचा तोल सांभाळला जातो तोवर सगळं सुरळीत असतं. आठवडी बाजारात प्रत्येक जण आपापलं बोलत असतो, तसंच हे. तोल ढळला की पेशींचा एक मोठा गट एकाच वेळी, एकाच ठेक्यात ओरडू लागतो. तीच फिट. हा कल्लोळ मेंदूच्या कुठल्या भागात सुरू झाला, यावर बाहेर काय दिसणार ते ठरतं. हाताच्या हालचालींच्या भागात झाला तर हात उडतो, दृष्टीच्या भागात झाला तर डोळ्यांपुढे रंग नाचतात. दोन्ही बाजूंना एकदम पसरला की माणूस पडतो, ताठतो, अंग झटकतो.

हा तोल का ढळतो, याची कारणं अनेक. मेंदूला झालेली इजा, पक्षाघात, गाठ, जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडणं. मेंदूज्वरासारखे संसर्ग. शरीरातल्या रसायनांचे काही जन्मजात दोष. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर केलेला हल्ला. आणि जनुकं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, आहे आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. म्हणजे कारण नसतं असं नाही, आजच्या तपासण्यांना ते दिसत नाही.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. पण तुम्ही लेकीचं जे वर्णन केलंत, ते ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी या प्रकाराशी बरंच जुळतं. हा बहुधा १२ ते १८ या वयात सुरू होतो, मुलींमध्ये किंचित जास्त दिसतो. सकाळी उठल्यावरच्या तासाभरात हाताला झटके, हातातून कप-कंगवा उडणं, जागरणानंतर मोठी फिट. एमआरआय बहुतेक वेळा अगदी साफ असतो. घरचे झटक्यांना 'धांदरटपणा' म्हणतात आणि डॉक्टरांना फक्त मोठ्या फिटबद्दल सांगतात, त्यामुळे निदान वर्षानुवर्षं राहून जातं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन या नेहमीच्या गोळ्यांनी या प्रकारातले झटके वाढू शकतात. सकाळच्या झटक्यांबद्दल डॉक्टरांना कधी सांगितलंत का? नसेल, तर लेकीला म्हणा, पुढच्या वेळी घरातल्या कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढू दे. तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पानभर वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

या प्रकारात जनुकांचा वाटा असतो, पण तो आईने मुलीच्या ओटीत घातलेला एखादा दागिना नव्हे, की कुणाकडून आला ते बोट दाखवून सांगता यावं. अनेक जनुकांचे छोटे छोटे बदल एकत्र येतात, त्यातले काही वडिलांकडून आलेले असतात. तुमच्या मावशीला फेफरं कशामुळे यायचं, हे आज कुणीच सांगू शकत नाही. बाळंतपणात झालेली इजा असेल, लहानपणीचा मेंदूज्वर असेल, आणखी काही असेल. एकाच घरातल्या दोघींना फिट आली म्हणजे दोघींचा आजार एकच, असं धरून चालता येत नाही.

आणि पुतण्याचं? डोक्याला मार लागल्यावर अपस्मार होतो हे खरं, पण मार लागलेल्या प्रत्येकाला होत नाही. कुणाला होतो यात इजेची जागा आणि तीव्रता महत्त्वाची, आणि काही अंशी त्या माणसाची घडणही. इजेनंतर काही महिने, कधी काही वर्षं मध्ये जातात. त्या काळात दुखावलेल्या भागातल्या पेशींची जोडणी नव्याने होते आणि तिथे फिटचं मूळ तयार होतं. एकटक बघणं, ओठ चाटणं, बटणं चाचपणं ही कानशिलाच्या आतल्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून सुरू होणाऱ्या फिटची ओळखीची खूण आहे. त्याला विचारून बघा, आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं का, किंवा 'हे आधी घडून गेलंय' असा भास होतो का. ही 'तंद्री' नाही. मोठी फिट आली नाही तरी ती फिटच आहे. आणि ती 'आपोआप बरी' होईल, या भरवशावर सोडता येत नाही.

तेव्हा घरात जी वाटणी केली गेली आहे, त्याचा अपघात आणि हिचं रक्त, ती वैद्यकशास्त्राने केलेली नाही. दोघांना अपस्मार आहे. दोघांनाही नियमित गोळी लागणार आहे. त्याच्या आजाराला अपघाताचं नाव मिळालं म्हणून कुणाला दोष द्यावा लागला नाही, आणि तुमच्या लेकीच्या आजाराला कारण सापडलं नाही म्हणून तुम्हाला उभं केलं गेलं. हे तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, पण ओळीओळीत दिसतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. सासूबाईंशी वाद घालू नका हवं तर. पण स्वतःच्या मनातून हा दोष काढून टाका.

पुढच्या पिढीचंही सांगते, कारण बैठकीत हा प्रश्न येणारच. आई किंवा वडील यांपैकी एकाला अपस्मार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारणपणे शंभरात चार-पाचच्या आसपास असते. इतरांमध्ये ती शंभरात एक-दोन असते. प्रकाराप्रमाणे हे आकडे थोडे खालीवर होतात. म्हणजे बहुतेक मुलांना तो होत नाही.

आता बाईचा आजार वेगळा असतो का, याचं उत्तर. पेशींमधला कल्लोळ दोघांत तोच. पुरुषांमध्ये अपस्माराचं एकूण प्रमाण थोडं जास्त दिसतं, कारण डोक्याला मार, दारू, पक्षाघात हे त्यांच्या वाट्याला जास्त येतं. फरक पडतो तो संप्रेरकांमुळे, औषधांमुळे आणि गरोदरपणामुळे. तुमच्या घरात 'मुलगी म्हणून' खूप चर्चा झाली, पण जिथे मुलगी असण्याने खरोखर फरक पडतो त्यावर कुणी बोललेलंच दिसत नाही.

पाळीच्या आधी झटके वाढतात, हे तुमच्या लेकीचं निरीक्षण अगदी मोलाचं आहे. इस्ट्रोजेन साधारणपणे मेंदूतल्या पेशींना चेतवतं. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारं एक द्रव्य गाबाला बळ देतं, म्हणजे फिट आवरायला मदत करतं. पाळी येण्याच्या एक-दोन दिवस आधी प्रोजेस्टेरॉन झपकन उतरतं आणि आवरणारा हात सुटतो. काही जणींना दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज सुटण्याच्या सुमाराला त्रास होतो. अपस्मार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश जणींमध्ये असा मासिक नमुना दिसतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवरच खूण करा: पाळीच्या दिवशी एक, झटक्याच्या दिवशी दुसरी, गोळी चुकली तर तिसरी. तीन महिन्यांची पानं डॉक्टरांपुढे ठेवा. त्यावरून त्या दिवसांपुरता उपचार थोडा बदलता येतो का, हे ते ठरवू शकतील.

आणि आता गोळी. या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती इथे. व्हॅल्प्रोएट हे जुनं आणि प्रभावी औषध आहे, तुमच्या लेकीच्या प्रकारात तर फारच. पण गरोदरपणात ते घेतलं तर बाळामध्ये मोठं जन्मजात व्यंग, उदाहरणार्थ पाठीच्या कण्याची उघडी राहिलेली फट, होण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. एरवी ते शंभरात दोन-तीन असतं. शिवाय शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांमध्ये बोलणं, शिकणं, वागणं यांतल्या वाढीच्या अडचणी दिसू शकतात. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. युरोपात आणि ब्रिटनमध्ये म्हणूनच २०१८पासून मूल होऊ शकेल अशा स्त्रियांसाठी या औषधावर कडक नियम आहेत. काही जणींमध्ये या गोळीने वजन वाढतं, केस गळतात, पाळी अनियमित होते, पीसीओएसचा, म्हणजे बीजकोशांच्या बिघाडाचा, त्रास होतो. तुमच्या लेकीला यांपैकी काही आहे का, ते तिलाच विचारा. मुली हे स्वतःहून सांगत नाहीत.

घाबरून गोळी बंद करायची नाही, हे पुन्हा सांगते. तज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत विचारायचं: "हिचं लग्न होणार आहे, पुढे मूल हवं असेल, तर हीच गोळी चालू ठेवायची का?" लेव्हेटिरॅसिटॅम आणि लॅमोट्रिजिन ही दोन औषधं गरोदरपणात बरीच सुरक्षित मानली जातात. अर्थात प्रत्येकीला ती लागू पडतीलच असं नाही. लॅमोट्रिजिनने काही जणींचे झटके वाढतात, लेव्हेटिरॅसिटॅमने काहींची चिडचिड वाढते. गोळी बदलताना मधल्या काळात फिट परत येऊ शकते, त्यामुळे बदल करायचा तर लग्नाच्या धामधुमीत नको, त्याआधी किंवा नंतर निवांतपणे. आणि गरोदर राहिल्यावर कळलं म्हणून बदल करायला जाणं म्हणजे उशीर झालेला असतो, कारण बाळाचा पाठकणा पहिल्या चार आठवड्यांतच घडतो. फॉलिक ॲसिडची गोळीही गरोदर राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. डोस डॉक्टर सांगतील.

गर्भनिरोधक गोळ्यांचंही याच भेटीत विचारून घ्यावं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन या गोळ्या गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतात, तर काही गर्भनिरोधक गोळ्या लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी उतरवतात. तांबीचा असा प्रश्न येत नाही. या गोष्टी नवी नवरी डॉक्टरांना विचारायला लाजते, आणि दोन औषधांच्या भांडणात नको असताना दिवस राहतात.

हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर दुसरी बाजूही ऐका. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवली जाते. तिथला आणि जगभरातला अनुभव असा की नीट आखणी केली तर अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुलं होतात. दूधही पाजता येतं. बाळंतपणानंतर मात्र रात्रीची झोप तुटू न देणं महत्त्वाचं. रात्रीचं एखादं दूध आधी काढून ठेवून नवऱ्याने किंवा आजीने पाजावं, आणि बाळाला अंघोळ घालताना आईबरोबर दुसरं कुणी असावं.

पुरुषांच्या बाबतीत हे सगळं कुणी विचारतच नाही, म्हणून पुतण्याच्या वाट्याचंही लिहिते. अपस्मारामुळे आणि कार्बामाझेपिन-फेनिटॉइनसारख्या काही औषधांमुळे पुरुषांमधल्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होऊ शकतो. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, यावर नवं लग्न झालेला मुलगा कुणाशी बोलणार? तो गोळीलाच दोष देऊन ती गुपचूप सोडतो. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पुरुषांनीही मूल होऊ देण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, असं युरोपच्या औषध नियामकाने २०२४ मध्ये खबरदारी म्हणून सांगितलं आहे. लग्नाआधी औषधांचा फेरविचार फक्त मुलीनेच करायचा, ही समजूतही आता जायला हवी.

त्याच्या गाडीचं मात्र आजच्या आज बघा. वाहनपरवान्याच्या अर्जात, फॉर्म १ मध्ये, अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, हे स्वतः जाहीर करावं लागतं. अर्धं मिनिट भान हरपणारा माणूस महामार्गावर गाडी चालवतो आहे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. मागे होणारी बायको बसणार आहे. दिरांशी तुम्हाला बोलता येत नसेल तर तुमच्या यजमानांना बोलू द्या, पण किल्ली काढून घ्या. दारूही बंद, कारण रात्रीच्या दारूनंतर दुसऱ्या सकाळी फिट यायला वेळ लागत नाही.

आता सांगायचं की लपवायचं. माझं मत स्पष्ट आहे: सांगायचं. त्याच्या बाबतीतही आणि तिच्या बाबतीतही. पण का, ते बघा.

कायदा आधी. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीपासून वारंवार येणारे अपस्माराचे झटके हा विवाहातला अडसर मानला होता. १९९९च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द त्यातून काढला गेला, विशेष विवाह कायद्यातूनही. त्यामुळे अपस्मार असलेल्या माणसाचं लग्न पूर्णपणे कायदेशीर आहे आणि निव्वळ या आजारासाठी ते मोडता येत नाही. मात्र महत्त्वाची गोष्ट फसवणुकीने लपवून संमती घेतली, असा दावा कलम १२ खाली लावता येतो. म्हणजे आजार तिच्या विरुद्ध जात नाही, लपवणं जाऊ शकतं.

पण मला कायद्यापेक्षा लग्नानंतरचे पहिले आठ दिवस जास्त दिसतात. हळदीच्या रात्री गप्पा, लग्नाचा दिवस उपाशीपोटी, वरात, मग सासरी जागरण-गोंधळ, सत्यनारायण, पहाटे उठून पाहुण्यांना चहा. गोळ्या बॅगेच्या तळाशी, साडीच्या घडीत. सगळ्यांसमोर काढायच्या कशा, म्हणून एक वेळची चुकते, मग दुसरी. तुमच्या लेकीच्या प्रकारात झोप तुटणं आणि गोळी चुकणं ही फिटची सर्वांत मोठी दोन कारणं. ती फिट नेमकी परक्या घरात, परक्या माणसांसमोर येते. मग तिथली माणसं घाबरतात, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी कांदा, कुणी दातखीळ उघडायला चमचा घालतं. आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन येतो. लपवण्याने टाळायचं होतं ते सगळं घडतं, वर फसवल्याचा शिक्का बसतो.

सांगितलं असेल तर त्याच आठ दिवसांत गोंधळाच्या रात्री तिला बाराला झोपायला पाठवता येतं. हरतालिकेला गोळीपुरतं पाणी पी म्हणून सासूच सांगते.

केव्हा सांगायचं? फोटो-पत्रिकेच्या वेळी नको. तेव्हा माणूस कोण हे कळायच्या आत आजारच पुढे येतो. साखरपुड्यानंतर नको, तेव्हा उशीर झालेला असतो. मुलगा-मुलगी दोन-तीनदा निवांत भेटली, एकमेकांत रस आहे असं वाटलं, की त्या वेळी. आणि हे सांगावं मुलीनेच, मुलाला. तिच्या तोंडी साधे शब्द हवेत: "मला सतराव्या वर्षापासून अपस्मार आहे. रोज गोळी घेते, तीन वर्षांत मोठी फिट आलेली नाही. झोप आणि गोळी सांभाळली की बाकी सगळं करते, नोकरीही. तुला काही विचारायचं असेल तर आपण माझ्या डॉक्टरांकडे बरोबर जाऊ." डॉक्टरांकडे बरोबर येणारा मुलगा अर्धी परीक्षा तिथेच पास होतो. स्थळ मोडेल का? मोडू शकतं, मी खोटा धीर देणार नाही. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखे आधारगट आहेत. तिथे अपस्मारासह नोकरी-संसार करणारी माणसं भेटतात. लेकीला एकदा तरी घेऊन जा.

इथे एक विचारते. इतक्या मोठ्या पत्रात मुलीला काय वाटतं, याची एकही ओळ नाही. तिला लग्न आत्ता करायचं आहे का? हे स्थळ तिला पसंत आहे का? लपवायचं की सांगायचं, हा निर्णय जाऊबाईंचा नाही आणि खरं तर तुमचाही नाही. ती फार्मसी शिकली आहे, व्हॅल्प्रोएटबद्दल तिला तुमच्या-आमच्या नातेवाइकांपेक्षा जास्त माहीत असणार. तिच्याशी बोला, आणि बोलताना घरातलं तिसरं कुणी नसू द्या.

फिट आली तर काय करायचं, हे या घराला आणि त्या घराला दोन्हीकडे सांगून ठेवा. जवळचं टोकदार, गरम, जड सामान बाजूला करा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, झटके ओसरताच कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळ बघा. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. कांद्याला आणि चपलेला श्रेय मिळतं ते त्यामुळेच. पाच मिनिटं झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ला फोन करून दवाखाना गाठा. फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे मिळतो. तो घरात ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा. बाथरूमची आतून कडी न लावणं, एकटीने विहिरीवर किंवा तळ्यावर न जाणं, शेगडीपाशी मागच्या बर्नरवर रांधणं या सवयी दोन्ही घरांत लावून घ्याव्यात.

याच विषयावर आलेल्या इतर पत्रांनाही इथेच थोडं उत्तर देते. कोबीतला किडा मेंदूत जातो, या भीतीने काही घरांत कोबी बंद आहे. मेंदूत गाठ करतो तो डुकरातल्या पट्टकृमीचा अंश, आणि त्याची अंडी येतात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, दूषित पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून. म्हणून तो पक्क्या शाकाहारी माणसालाही होतो, आणि आपल्या देशात फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे. भाजी कोणतीही असो, नीट धुवा. कच्ची खायची तर जास्तच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात फिट आली म्हणजे त्याला अपस्मार झाला असं नाही, बहुतेकांना पुढे होत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाही, असंही नाही. पहिल्या ईईजीत जवळपास निम्म्या जणांचा दोष सापडत नाही. आणि एक कळकळीची विनंती: फिटसारखे झटके येतात पण मेंदूत विजेचा कल्लोळ नसतो, असाही एक विकार आहे, तो स्त्रियांमध्ये जास्त दिसतो. त्याला घरात 'नाटक' म्हणतात. ते नाटक नसतं. मनावरचा ताण शरीरातून असा बाहेर पडतो. व्हिडिओ ईईजीने तो ओळखता येतो आणि त्याला गोळीपेक्षा मानसोपचाराने गुण येतो. या बायकांना झोडपू नका आणि मांत्रिकाकडे तर मुळीच नेऊ नका.

ताई, तुमच्याकडे महिना आहे. या आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घ्या, पाळीच्या आणि झटक्यांच्या नोंदी सोबत घ्या, झटक्याचा व्हिडिओ मिळाला तर तोही. पुतण्याला त्याच दिवशी दाखवता आलं तर बघा. एमआरआय केलेला नसेल तर तो लागेल. डॉक्टरांशी बोलताना लेकीला पुढच्या खुर्चीवर बसवा, तुम्ही मागच्या. बैठक त्या भेटीच्या आत ठरली असेल, तर पाहुण्यांना फोन करून पंधरा दिवस पुढे घ्यायला सांगा.